लाल घोडीच्या पाठीवरचं खोगीर

ज्या खोगिरात लाकडाचा सांगाडा नाही ते कोणत्याही घोड्याला बसतं, हे वाक्य ज्याच्या तोंडून पहिल्यांदा निघालं असेल ना, त्याच्या पाठीवर मला तेच खोगीर कसून बांधायचं आहे. वर दोन जाडजूड माणसं बसवायची आहेत. आणि मग विचारायचं आहे, काय बावा, बसलं का बरोबर?

आमच्या घरात हे वाक्य माझे भासरे बोलायचे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. माणूस वाईट नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांना बरंच बोलणार आहे. आमची शेती धानाची, आणि हलकं धान कापून झालं की कामं घोड्यांची. दिवाळी सरली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. आज ह्या गावची, उद्या त्या गावची. लेकी-जावई येतात, जिलेबीच्या कढया चढतात, दुपारी गोवारी नाचतात, रात्री नाटक. त्या मंडईत आमचे तीन घोडे पोरांना फेऱ्या मारायचे. भासऱ्यांचा जीव त्या घोड्यांवर. पण जीव असणं वेगळं आणि अक्कल असणं वेगळं.

अक्कल माझ्याकडे होती. असू द्या, स्वतःची स्तुती म्हणा, मला फरक पडत नाही. माझं माहेर आंबागडच्या पायथ्याशी. बाबा तट्टांवर लादून जंगलातून मोहफुलं आणि हिरडा आणायचे. लाकडी जीन आमच्याकडे कधी नव्हतीच. खोगीर घरीच शिवायचं. बारदान्याचे दोन लांब लोड, त्यात जुनी तणस, म्हणजे धानाचा वाळलेला पेंढा, ठासलेली, वरून जाड कापड, आणि दोन लोडांच्या मधे चार बोटं रुंद मोकळी नाली. ती नाली बरोबर घोड्याच्या कण्यावर यायला पाहिजे. ओझं दोन्हीकडच्या मांसावर पडलं पाहिजे, हाडावर नाही. बाबा म्हणायचे, "लाकूड नाही म्हणून खुश नको होऊ. लाकडाचं काम मंग तणस करते. तिले नीट नाही भरलं त घोडं रडते, आन् घोडं रडलेलं ऐकू येत नाही."

लग्न होऊन आले तेव्हा सासरी एक मोडकी लाकडी जीन होती. तिचा सांगाडा तडकला होता आणि ती जनावरांना टोचायची. पुढे बऱ्याच वर्षांनी लाल घोडी फेऱ्यांना जायला लागली, तेव्हा मी माहेराहून दाभण आणि सुतळी आणली आणि खोगिरं शिवली. एक नाही, तीन. कारण घोडे तीन, आणि तिघांच्या पाठी तीन तऱ्हेच्या. कबरी घोडी धानाच्या ढोलीसारखी गोल. तिच्यावर खोगीर ठेवलं की घसरून पोटाखाली जायला बघतं. तिला पातळ लोड, एकमेकांपासून लांब, आणि पोटाखालून आवळायचा तंग रुंद. म्हाताऱ्या घोड्याची पाठ ढिल्या खाटेसारखी मधे झोललेली. त्याला मधे जास्त भरायचं आणि टोकांना कमी. आणि लाल घोडी. ती उंच, अंगाने सडपातळ. मानेच्या मागचं हाड वर आलेलं, कणा कवेलूच्या छपरासारखा टोकदार. तिच्यासाठी सगळ्यात जाड लोड, पुढून तर आणखी जाड, आणि नाली खोल.

लाल घोडी शिंगरू होती तेव्हापासून माझ्या हातची. आई दूध देईना म्हणून मी तिला बाटलीने पाजलं. त्या घरात सासू गेल्यावर दिवसभर माझ्याशी बोलणारं कोणी नव्हतं, तेव्हा मी तिच्याशी बोलायचे. कोणाला हसायचं असेल त्याने खुशाल हसावं.

खोगीर शिवण्याआधी मी तिघांच्याही पाठीवर मऊ तार दाबून वाकवली आणि तो आकार जनावरांच्या कोठ्यात जमिनीवर कोळशाने काढला. तीन रेघा, तीन आकार. आंधळ्यालाही समजलं असतं. पण भासरे आंधळे नव्हते, घाईत होते. मंडईत पोरांची रांग लागते. एक घोडा दमला की खोगीर काढायचं, दुसऱ्यावर टाकायचं, चला. तीन खोगिरं बैलगाडीत कोण नेणार? त्यात लाल कापडाचं, आरसे आणि गोंडे लावलेलं कबरीचं खोगीर दिसायला छान. तेवढंच जायला लागलं. बाकी दोन खुंटीवर.

मी सांगितलं का नाही, असं विचाराल. सांगितलं. पण कोणाला सांगितलं ते ऐका.

आमच्या समाजात लहान भावाच्या बायकोने भासऱ्यांशी बोलायचं नाही. आता नव्या सुना बोलतात, हातात चहा देतात, मोटारसायकलवर मागे बसून दवाखान्यात जातात. चांगलं आहे. माझ्या वेळी ते अंगणात आले की मी पदर ओढून आत. जेवायला वाढलं की ताट ठेवून मागे सरायचं. काही कळवायचं असेल तर नवऱ्याच्या तोंडून. नवरा नसला तर भिंतीकडे बघून म्हणायचं, "कोणी सांगा त्याईले, भात निवून राहिला." घरात कोणी नसायचं, कोंबड्या असायच्या. कोंबड्यांना सांगितल्यासारखं करायचं आणि ते ऐकायचे. वीस-बावीस वर्षं आम्ही एका छपराखाली असे राहिलो. मी त्यांना काय म्हणून हाक मारायची हेसुद्धा मला माहीत नव्हतं. कधी गरजच पडू दिली नव्हती.

आणि माझा नवरा! काय सांगू. गोड माणूस. सगळं गाव म्हणतं, तुमचे मालक किती गोड. अहो, गोडच. इतका गोड की तिखट निरोप त्याच्या हातात दिला तर पलीकडे पोचेपर्यंत त्याचा शिरा होतो. भावाशी भांडण नको, बायकोशी भांडण नको, कोणाशीच नको. मला आता वाटतं, भांडणाला भिणारा माणूस भांडखोरापेक्षा जास्त नुकसान करतो. निदान भांडखोराचं ऐकू तरी येतं.

त्या वर्षी, चार-पाच वर्षं झाली असतील, दिवाळीनंतर भासऱ्यांना वाटलं, मंडईचं खोगीर चपटं झालं. चपटं कसलं? तीन वर्षांत तणस बसून त्याला घाट आला होता. कबरीच्या पाठीचा घाट. त्यांनी ते उसवलं, जुनी तणस गायीपुढे टाकली आणि खळ्यावरून नवीन आणली. नवीन धान, नवीन तणस, शुभ! अहो, ती तणस अजून हिरवी होती. मुठीत दाबली तर हाताला ओल लागायची. ओली तणस आत गरम होते, तिच्या गाठी होतात, वास सुटतो. शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या माणसाला हे माहीत नाही? ढिगात ओली तणस रचत नाही कोणी, पण घोड्याच्या पाठीवर ठेवायला चालते! आणि त्यावर कळस म्हणजे, मधली नाली त्यांना रिकामी दिसली. पोरांच्या बुडाला खड्डा लागत असेल म्हणून बिचाऱ्यांनी तीही भरून टाकली. मायेने भरली हो! गादीसारखं टम्म खोगीर झालं. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते आणि माझ्या हातातली भाकर जळाली.

रात्रीच्या जेवणाआधी नवऱ्याला धरलं. "सांगा त्याईले, तणस ओली आहे. आन् मधली नाली कायले भरली? कणा फोडून टाकन ते लालीचा. आताच्या आता उसवा म्हणा."

"सांगतो न."

"सांगाल?"

"अवं, सांगतो म्हणलं न."

दुसऱ्या दिवशी विचारलं, सांगितलं का? म्हणे, सांगितलं. मी म्हटलं, मग काय म्हणाले? म्हणे, बघतो म्हणले.

पहिल्या मंडईहून घोडे परत आले. मी पाणी दाखवायला गेले आणि लाल घोडीची पाठ पाहिली. खोगीर काढलं की घामाचे डाग खरं बोलतात, हे बाबांनी शिकवलेलं. दोन्ही बाजू सारख्या ओल्या आणि कण्यावर कोरडी पट्टी, तर ठीक. इथे उलटं होतं. कण्यावर केस चिकटलेले, ओलेचिंब, आणि मानेच्या मागच्या हाडाच्या बाजूला तळहाताएवढी जागा खडखडीत कोरडी. चोहीकडे घाम आणि मधेच कोरडं, म्हणजे तिथे इतका दाब की घामाला बाहेर यायला जागा नाही. मी तिथे बोट ठेवलं तर घोडी खाली बसल्यासारखी दबली.

पुन्हा नवरा. पुन्हा निरोप. ह्या वेळी मी म्हटलं, "लाल घोडीवर ते खोगीर टाकूच नका म्हणा. तिचं वेगळं आहे, खुंटीवर आहे, ते न्या. नाही त तिले घरी ठेवा." पुन्हा, सांगतो न.

भासऱ्यांनी काय केलं? खोगिराखाली पोतं दुमडून घातलं. मऊ व्हावं म्हणून! घट्ट जोड्यात आणखी दोन मोजे घातले की पाय मोकळा होतो का हो? तिसऱ्या मंडईनंतर त्या जागी लिंबाएवढी सूज आली. मी सकाळी ते घराबाहेर गेले की गुपचूप हळद-तेल लावायचे. गुपचूप! माझ्याच घरात, मीच वाढवलेल्या घोडीला, चोरासारखी. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

चौथी मंडई माझ्या नणंदेच्या सासरी होती, म्हणून मीही गेले. पाटल्या-बांगड्या घालून, नवीन लुगडं नेसून. दुपारची वेळ, मैदानात धूळ, पाळणा फिरत होता. नणंदेबरोबर बांगड्या बघत होते तेवढ्यात घोड्यांच्या बाजूने हसण्याचा गलका ऐकू आला, म्हणून पाहिलं.

लाल घोडीवर पोर नव्हतं. चांगला अडीच पोत्यांचा एक जवान गडी होता. तो रिकिबीत पाय रोवून उभा राहिला होता, दोन्ही हात पसरून, आणि त्याचे मित्र मोबाईल धरून रील काढत होते. खोगिरात लाकूड नसलं की रिकिबीत उभं राहायचं नसतं. लाकूड असेल तर भार सगळीकडे वाटला जातो; नसेल तर सगळा भार रिकिबीच्या त्या एका पट्ट्याच्या रेघेवर येतो. आणि तो पट्टा नेमका त्या सुजेवरून गेला होता. घोडीने कान मागे टाकले होते. पाठ इतकी खाली दाबली होती की पोट जमिनीला लागेल असं वाटत होतं. ती मान वळवून तोंड उघडायची आणि चावायचं टाळून पुन्हा सरळ व्हायची. एवढं होऊनही चावली नाही. आणि माझे भासरे लगाम धरून उभे, हसत. नवरा बाजूला, तोही हसत.

मला पुढचं नीट आठवत नाही, लोक सांगतात तेच सांगते. मी म्हणे बांगडीवाल्याची पाटी ओलांडून गेले. पदर डोक्यावरून पडला तो पडलाच. त्या गड्याला म्हटलं, "उतर रे ढोल्या! तुह्या बापाची पाठ आहे का?" तो घाबरून उतरला. मग मी भासऱ्यांसमोर उभी राहिले, दोन हातांवर, आणि त्यांच्या तोंडाकडे बघितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा बघितलं. त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, हे मला ठाऊकच नव्हतं. हाक मारायला शब्द नव्हता, म्हणून तसंच ओरडले, "काढा ते! काढा म्हणते न! दोन वेळा सांगतलं, तणस ओली आहे, नाली भरू नका, तिले हे खोगीर टाकू नका! कानात बोळे घालून बसले का?"

पाळणेवाल्याने पाळणा थांबवला. कोणीतरी म्हातारी म्हणाली, "अगो माय, भासऱ्याशी बोलते वं ही." मी म्हटलं, "हो, बोलते! तुमी जिलेबी खा!"

भासऱ्यांचे हात हलेनात. मग तंग मीच सोडला आणि खोगीर उचललं. त्यातून वाफ आली. खरंच वाफ, आणि कुजक्या गवताचा वास. खालचं पोतं चिकटलं होतं. मी हळूहळू ओढलं तरी त्याच्याबरोबर केसांसकट कातडं आलं. आत हातभर नाही, पण दोन बोटं जातील एवढं खोल, आणि पू. घोडीच्या पायांना कंप सुटला होता. तिथल्या लोकांनी तोंड फिरवलं.

भासरे जमिनीवर बसले. डोक्याला हात लावला. आणि मला नाही, जमिनीला म्हणाल्यासारखे म्हणाले, "मले त कोणी सांगतलंच नाही."

"दोनदा सांगतलं!"

"हा म्हणे," त्यांनी भावाकडे हात केला, "हा म्हणे, घरची विचारते, आणखी तणस वाळू घालू काय. आन् दुसऱ्यांदा म्हणे, खोगीर छान झालं म्हणते, लालीले जरा जपून न्या."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो गोड माणूस जोड्याच्या टोकाने माती उकरत होता. "मले वाटलं, उगीच कायले वाद," म्हणाला. एवढंच. उगीच कायले वाद! त्याला मी तिथे जे जे बोलले ते इथे लिहिणार नाही. लिहायला लाज वाटते म्हणून नाही, पुस्तक छापणारा काढून टाकेल म्हणून.

घोडीला मोकळ्या पाठीने चालवत घरी आणलं. दोन कोस. पुढे मी, मागे भासरे, त्यांच्या मागे बरंच अंतर ठेवून नवरा. भंडाऱ्याहून डॉक्टर आले. त्यांनी जखम धुतली, आत सळई घालून पाहिली. म्हणाले, हाडापर्यंत गेलं नसेल तर वाचेल, गेलं असेल तर हे वाहतच राहील, मग तिचं काही खरं नाही. पंधरा दिवस कळणार नाही. ते पंधरा दिवस मी नवऱ्याशी बोलले नाही. भासरे जखमेवर माश्या बसू नयेत म्हणून कडुलिंबाचा डहाळा घेऊन कोठ्यात बसायचे. मी औषध लावायला गेले की उठून बाजूला व्हायचे. आम्ही पुन्हा बोलेनासे झालो होतो. एकदा तोंड फुटलं म्हणून सवय थोडीच मोडते? तेही म्हणत, "कोणी सांगा, पाणी गरम आहे." आणि कोंबड्या इकडेतिकडे बघायच्या. मला त्या कोंबड्यांचाही राग यायला लागला होता.

हाडापर्यंत गेलं नव्हतं. उन्हाळ्यापर्यंत जखम भरली. पण तिथे कातडं कडक झालं, केस पांढरे आले, आणि डॉक्टर म्हणाले, आता हिच्या पाठीवर काही ठेवू नका. खोगीर नाही, पोतं नाही, पोर तर नाहीच. धट्टीकट्टी घोडी, अजून दहा वर्षं चालली असती. खायला आहे, काम नाही. गावातले शहाणे सुचवून गेले की बाजार दाखवा. भासऱ्यांनी त्यांना अंगणाच्या बाहेर काढलं.

त्याच दिवशी संध्याकाळी मी कोठ्यात घोडीच्या अंगावरून हात फिरवत होते. भासरे दाराशी आले. मी सवयीने पदर घेतला. ते गेले नाहीत. भिंतीकडे बघितलं नाही, कोंबड्यांकडे नाही. सरळ माझ्याकडे बघून म्हणाले, "एक गोष्ट विचारतो. रागावून नाही विचारत."

माझा हात घोडीच्या अंगावर तसाच फिरत होता.

"मंडईत शंभर लोकाइसमोर बोलता आलं. मंग घरात, अंगणात, मी समोर तणस भरून राहिलो होतो तेव्हा काहून नाही बोलली? मी तेव्हाच उसवलं असतं न."

मी तोंड उघडलं. रीत, म्हणणार होते. तुमचीच रीत. तुमच्या आईने शिकवलेली, तुम्हीही कधी मोडली नाही. तुमचा भाऊ असा, मी काय करणार. सगळं तयार होतं माझ्याकडे, आणि सगळं खरं होतं. पण त्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. दार ते अंगण, दहा पावलं. नवीन तणस त्या नालीत जाताना मी डोळ्यांनी बघितली होती आणि भाकर जळू दिली होती.

विचार करता करता माझा हात सरकून त्या पांढऱ्या केसांजवळ गेला असावा. घोडी दबली. माझ्या हाताखालून पाठ काढून घेतली आणि दोन पावलं पलीकडे जाऊन उभी राहिली.

"मले नाही माहीत," मी म्हटलं.

ते मान हलवून गेले. मी घोडीकडे हात पुढे केला. घोडी काही परत माझ्याकडे आली नाही.